खुर्च्या रोल नंबरने लावा : मेळावा आयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मेळावा आयोजन समिती,
१९८५ची तुकडी

प्रिय १११४, १११७ आणि ११३८,

स. न. वि. वि.

आपल्या सैनिकी शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं आमंत्रण मिळालं. पीडीएफ सुबक झाली आहे, मैदानाचा फोटोही छान निवडलाय. पहिल्या पानावर कार्यक्रम, दुसऱ्यावर राहण्या-जेवणाचे तपशील आणि तिसऱ्या पानावर ‘आसनव्यवस्था’. पहिली रांग, सोफे : मेजर जनरल, ब्रिगेडिअर ‘व समकक्ष’. समकक्ष कोण तेही कंसात दिलंय, म्हणजे नौदलातला कमोडोर किंवा हवाई दलातला एअर कमोडोर चुकून मागे जायला नको. दुसरी-तिसरी रांग कर्नल. चौथी ‘अन्य अधिकारी’. पाचवी कुटुंबीय. सहावी ‘सिव्हिल’. माझं नाव सहाव्या रांगेत डावीकडून नववं आहे.

माझं मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण पत्र लांबणार आणि ११३८ला पहिल्या पानापुढे वाचायची सवय शाळेपासूनच नाही. खुर्च्या रोल नंबरने लावा. ११०१पासून सुरू करा, ११८४ला संपवा.

हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. तेव्हा ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले, एक ‘नोटेड’ आलं आणि लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकला. म्हणून या वेळी उघड लिहितोय. शाळेचं नाव घेत नाही. एक तर शाळेचा यात दोष नाही, सोफे आपण लावतो. दुसरं म्हणजे इतर सैनिकी शाळांतल्या मित्रांशी बोललो, तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी आपलं समजून वाचावं.

तुमच्यापैकी कुणाला आठवतंय का, आपल्याला रोल नंबर कधी मिळाला? प्रवेशाच्या कागदाबरोबर कपड्यांची यादी आली होती. इतके बनियन, इतके रुमाल, दोन टॉवेल, एक काळी ट्रंक, आणि प्रत्येक वस्तूवर नंबर घातलेला हवा. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. वडिलांनी पाटीवर १११९ काढून दिले आणि तिने ते लाल दोऱ्याने सगळ्या कपड्यांवर काढले. तीन एकडे आणि एक नऊ, सोपा नंबर आला म्हणून ती खूश होती. शाळेत आल्यावर मेट्रनबाईंनी पाहिलं तर सगळे आकडे मराठी. धोब्याला इंग्रजी आकडे लागत होते. त्या बाईंनी संध्याकाळी बसून माझे सहाच्या सहा रुमाल उसवले आणि पुन्हा काढले. एक बनियन मात्र त्यांच्या नजरेतून सुटला. तो माझ्याकडे अजून आहे.

पुढची सात वर्षं आपल्याला आडनावं नव्हती. फॉल-इनला नंबर, मेसमध्ये नंबर, घरून आलेल्या पत्रावर नंबर, एक्स्ट्रा ड्रिलच्या यादीत तर नंबरच नंबर. कुणाचे वडील साखर कारखान्यात चेअरमन होते आणि कुणाचे त्याच कारखान्यात ऊसतोडीला येत होते, हे मला दहावीत कळलं. तेही सुट्टीला जाताना दोघे एकाच स्थानकावर उतरले आणि एकाला न्यायला जीप आली, दुसऱ्याला कुणीच आलं नाही म्हणून.

आपल्या शाळा मुळात याचसाठी निघाल्या. १९६१ साली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ही योजना आणली. लष्करातला अधिकारीवर्ग ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतून येत होता. तो तोल सुधारायचा, साध्या घरातल्या पोराला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दारापर्यंत न्यायचं, हा उद्देश. देशातली पहिली सैनिक स्कूल सातारला सुरू झाली, २३ जून १९६१ रोजी. तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी ते मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री झाले. कपूरथळा, बालाचडी, कुंजपुरा, चित्तोडगड या शाळाही त्याच वर्षीच्या. थोडक्यात, मोठ्यांच्या रांगा मोडायला निघालेल्या शाळांची आपण पोरं. आणि साठीला टेकल्यावर आपण पुन्हा सोफे मांडायला घेतले.

१११४, आता जरा तुझ्याशी.

भोपाळला एस.एस.बी.ला, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, आपण एकाच गाडीने गेलो होतो. तुझा चेस्ट नंबर चौदा, माझा सतरा. पाच दिवस. चित्रं पाहून गोष्टी लिहायच्या, शब्द दिसला की वाक्य लिहायचं, मग मैदानात फळ्या, दोऱ्या, पिंपं. कमांड टास्कला तू मला मदतनीस म्हणून बोलावलंस आणि फळी माझ्या पायावर पाडलीस. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाल्यावर एक साहेब बाहेर आले आणि निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले. फार थोडे होते. चौदा होता आणि सतराही होता. त्या रात्री आपण हमीदिया रोडवर जिलेबी खाल्ली. तू म्हणालास, ‘एकाच स्क्वाड्रनमध्ये मागून घेऊ.’ तसं मागून मिळत नसतं हे तुलाही माहीत नव्हतं.

मग मेडिकल. डॉक्टरांनी मला गुडघे जुळवून उभं केलं आणि खाली वाकून दोन घोट्यांमधली फट मोजली. पाच सेंटिमीटरपर्यंत चालते. माझी जास्त भरली. नॉक नी. सात वर्षं क्रॉस कंट्री धावलो त्याच गुडघ्यांवर, शेवटच्या वर्षी आंतरसदनीय स्पर्धेत तिसरा आलो होतो, पण मोजपट्टीला त्याचं काय. अपिलाच्या मुदतीत कुणी सांगितलं घोड्यावर बस, मांड्या घट्ट आवळ, फट कमी होते. गावात घोडा नव्हता. सायकल मारली, दोन गुडघ्यांत उशी धरून झोपलो, आईने कसलंसं तेल चोळलं. अपील मेडिकललाही गुडघे होते तिथेच होते.

हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. मला एस.टी.त नोकरी लागली, वाहतूक निरीक्षकापासून आगार व्यवस्थापकापर्यंत गेलो, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पहाटेची पहिली गाडी वेळेवर काढणं हे काम मला चांगलं जमलं, आणि ते शाळेच्या बिगुलाने शिकवलं. सांगायचं ते एवढंच की तुझ्या पहिल्या रांगेत आणि माझ्या सहाव्या रांगेत जे अंतर आहे ते भोपाळच्या त्या खोलीत काही सेंटिमीटर होतं. तू जास्त शूर आणि मी कमी, असं काही तिथे ठरलं नव्हतं. हे तुला माहीत आहे. १९८८ला तुझ्या पासिंग आउट परेडला तुझ्या आईला खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मीच एस.टी.ने घेऊन आलो होतो. सुदान ब्लॉकच्या घुमटाकडे पाहून ती म्हणाली, ‘हे देऊळ कुणाचं?’ मी म्हटलं, ‘काकू, सुदान सरकारने पैसे दिले होते, आपल्या सैनिकांच्या आठवणीसाठी.’ तिला ते काही पटलं नाही, तिने चप्पल काढून हात जोडले. ‘अंतिम पग’, म्हणजे प्रबोधिनीतलं शेवटचं पाऊल, ओलांडून तू पलीकडे गेलास तेव्हा ती मला विचारत होती, आता हा परत कधी येणार.

तू परत आलास. मेजर जनरल होऊन आलास, मला खरंच अभिमान आहे. फक्त परत आल्यावर आपल्यांत बस.

तुम्ही म्हणाल, फौजेत हुद्द्याचा मान राखावाच लागतो. राखा की. पण फौजेचीच एक रीत आहे, जी तुम्हीच मला सांगितली. कोर्समेट. एकाच कोर्सला पास झालेले दोघे, तीस वर्षांनी एक जनरल आणि दुसरा लेफ्टनंट कर्नल असला, तरी चार भिंतींच्या आत एकमेकांना नावाने हाक मारतात. परेडवर ‘सर’, घरी ‘साल्या’. आणि बडा खाना? तिथे साहेब आणि जवान एका पंगतीला बसतात, साहेब स्वतः वाढतात. म्हणजे बंदूक हातात असणाऱ्यांनाही ठाऊक आहे की हुद्दा कधीतरी बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर माणसं एकत्र राहत नाहीत. आपल्या मेळाव्यात ना बंदूक ना परेड. तिथे कशाला लागतो?

बरं, ही व्यवस्था फक्त आम्हा ‘सिव्हिल’ लोकांना टोचते असं समजू नका. आम्ही निर्ढावलोय. आमच्या गाड्यांतही खिडकीवर ‘विधानसभा सदस्यांसाठी राखीव’ असं रंगवलेलं असायचं. माझ्या सगळ्या नोकरीत त्या आसनावर मी एकदाही आमदार बसलेला पाहिला नाही. तिथे बहुधा कोंबडी घेतलेली आजी असायची. राखीव जागेचं मला काही वाटत नाही.

टोचते ती ११२२ला. तो पुण्यातच राहतो, मेळाव्याच्या ठिकाणापासून रिक्षाने जाईल इतक्या अंतरावर, आणि तीन मेळाव्यांना आलेला नाही. मी त्याच्या घरी गेलो होतो. तुमच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘कर्नल (टी.एस.)’ असं छापलंय. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसणार नाही. पण फौजेतल्या प्रत्येकाला ती कंसातली दोन अक्षरं वाचता येतात. टी.एस. म्हणजे टाइम स्केल. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती आता ठरावीक वर्षांनी मिळते. अजय विक्रम सिंग समितीनंतर, २००४पासून, तेरा वर्षांवर. त्यापुढचा कर्नल मात्र निवड मंडळातून व्हावा लागतो आणि तिथे जागा कमी, माणसं जास्त. ज्यांची निवड होत नाही त्यांना सव्वीस वर्षं सेवा झाल्यावर टाइम स्केलने कर्नल करतात. ११२२ सियाचीनला राहून आला. एका बोटाला अजून नीट संवेदना नाही. मंडळात एका वर्षी त्याचा नंबर लागला नाही, पुन्हा लागला नाही, विषय संपला. आणि आपण मात्र, ज्याला पहाटे फ्रंट रोल मारताना पाहिलं, ज्याचे बूट उसने घेतले, त्याच्या नावापुढे ते कंस छापून सगळ्या तुकडीला पाठवले. ‘कर्नल’ एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तो मला म्हणाला, ‘फौजेने सुपरसीड केलं ते मी पचवलं रे. तुम्ही लोक दरवर्षी करता.’

११३१चं काय करायचं हे तर तुमच्या पीडीएफलाही कळलेलं दिसत नाही. त्याचं नाव कुठल्याच रांगेत नाही. मी तीनदा पाहिलं.

नव्या पिढीतलं कुणी हे वाचत असेल तर सांगतो. ११३१ आमच्या तुकडीतला सगळ्यांत चांगला जिमनॅस्ट. प्रबोधिनीत गेला. चौथ्या टर्मला घोडेस्वारीच्या तासाला पडला आणि मणक्याला मार बसला. (मला घोडा मिळाला नाही म्हणून मी रडलो होतो, त्याला मिळाला.) काही महिने इस्पितळात काढल्यावर त्याला ‘बोर्डेड आउट’ करून, म्हणजे वैद्यकीय कारणाने अपात्र ठरवून, घरी पाठवलं. कमिशन मिळालं नव्हतं म्हणून तो अधिकारी नाही. नियमाने तो माजी सैनिकही नाही, कारण अपघात झाला तेव्हा तो फक्त कॅडेट होता. दरमहा काही सानुग्रह रक्कम मिळते, त्याला पेन्शनही म्हणत नाहीत. असे कॅडेट देशभर आहेत. अनेक वर्षं त्यांच्याविषयी कुणी बोललं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, ईसीएचएसमध्ये, घेण्याचा निर्णय केला. त्यातले कागद कुठे द्यायचे, काय जोडायचं हे आपल्या पहिल्या दोन रांगांतल्या कुणालाही एका फोनवर कळू शकतं. ११३१ला ते विचारायला जिवावर येतं. तो काठी टेकत चालतो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. मी विचारलं, मेळाव्याला येतोस का. म्हणाला, ‘येईन, पण बसू कुठे?’ मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन पीडीएफ उघडली तेव्हा कळलं की तो विनोद करत नव्हता. रोल नंबरने खुर्ची लावली असती तर ११३० आणि ११३२च्या मधोमध त्याची जागा होती, १९७८पासून.

आता ११२९बद्दल. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला.

तो काश्मीरमध्ये कामी आला तेव्हा कॅप्टन होता. प्रत्येक मेळाव्यात आपण त्याच्या आईला बोलावतो, चांगलं करतो. पण काय करतो ते बघा. गेल्या डिसेंबरात त्यांना व्यासपीठावर नेलं, शाल दिली, नारळ दिला, ‘वीरमाता’ म्हणून टाळ्या झाल्या, दोन मिनिटं उभे राहिलो. मग त्यांना पहिल्या रांगेत एका सोफ्यावर बसवलं. शेजारच्या सोफ्यावर एक ब्रिगेडिअरसाहेब होते, आपल्या तुकडीतले नव्हेत, पाहुणे. त्यांनी अदबीने नमस्कार केला आणि मग दोघेही समोर बघत बसले. दोन तास. ऐंशीच्या आसपासची बाई, मांडीवर शाल-नारळ सांभाळत. नारळ घरंगळू नये म्हणून तिने तो पदरात गुंडाळला होता.

मी चहाच्या वेळी गेलो. सांगितलं, ‘काकू, मी १११९, त्याच्या शेजारच्या कॉटवर होतो.’ त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तो रात्री पांघरूण घ्यायचा का रे?’ घरी तो पांघरूण लाथाडून टाकायचा म्हणे. इतकी वर्षं त्यांना हे विचारायचं होतं आणि विचारायला कुणी शेजारी बसलंच नव्हतं. मी सांगितलं, की तो पांघरूण घ्यायचाच नाही, आणि रात्री राउंडला आलेल्या हाउस मास्टरांनी ते घातलं की झोपेतच त्यांना ‘आई, नको’ म्हणायचा, आणि त्यावरून आम्ही त्याला वर्षभर चिडवलं. त्या इतक्या हसल्या की नारळ खरंच घरंगळला. मग मेसमधून पोळ्या चोरल्याची गोष्ट सांगितली, गणिताच्या पेपरात शून्य मिळालं तेव्हा त्याने त्या शून्याला डोळे-नाक काढून घरी पत्रात पाठवलं होतं ती सांगितली. ते पत्र त्यांच्याकडे आहे. तो चेहरा कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. गणिताच्या सरांचा.

माणूस कसा गेला हे त्यांना पाठ आहे. प्रशस्तिपत्र घरी चौकटीत आहे. तो सातवीत कसा होता हे फक्त आपल्याला माहीत आहे, आणि ते माहीत असलेले सगळे मागच्या रांगांत विखुरलेले असतात. या वेळी ११२९च्या खुर्चीवर त्याच्या आईला बसवा. एका बाजूला ११२८, दुसऱ्या बाजूला ११३०. पलीकडे ११३१ काठी घेऊन. सोफा हवा असेल तर तो तिथे आणून ठेवा, त्यांच्या कंबरेला बरं पडेल.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो.

यादी बारावीच्या निकालावरून केलेली दिसते. त्यामुळे आपण आलो तेव्हाचे चौऱ्याऐंशी कुठे आणि यादीत किती! मधल्या वर्षांत दाखला घेऊन गेलेले सगळे गळाले. ११०६ नववीत वडील वारले म्हणून गेला, तो काही पळून गेला नव्हता. त्याच्या गॅरेजच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली ‘११०६’ असं रंगवलंय. गिऱ्हाइकांना वाटतं गाडीचा नंबर असेल. त्याला आमंत्रण नाही.

दुपारचा ‘लेडीज प्रोग्राम’ : मेंदी आणि पाककृती. माझी बायको तालुक्याच्या कोर्टात शिरस्तेदार होती, तिला मेंदीची ॲलर्जी आहे. तिने विचारलंय की तिला भाषणं ऐकायला बसलं तर चालेल का. सगळ्या सैनिक शाळांत २०२१पासून मुलीही आहेत, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. त्यांच्या चाळिसाव्या वर्षीच्या मेळाव्यात नवऱ्यांसाठी दुपारी काय ठेवतील याचा विचार करून मला हसू येतं. दाढीची स्पर्धा?

‘स्मृतिकमान’ या विषयावर मी काही बोलणार नाही. वर्गणी दिली आहे. फक्त त्यावर नावं हुद्द्याच्या क्रमाने कोरणार असाल तर माझं कोरू नका.

आणि माणसं राहिली. दरवर्षी आपण माजी प्राचार्यांना बोलावतो, ते तेव्हा कर्नल किंवा ग्रुप कॅप्टन होते, बोलावलंच पाहिजे. पण मेसमध्ये रविवारी पुरी-भाजीला रांगेतून दुसऱ्यांदा आलेला पोरगा ओळखूनही न ओळखल्यासारखं करणारे आचारी? एन.सी.सी.चे हवालदारसाहेब, जे ‘सावधान’ म्हणायचे आणि समोरच्या टेकडीवरून प्रतिध्वनी यायचा? केस कापताना प्रत्येकाला ‘आता तू फौजी दिसतोस’ म्हणणारे, आणि तेवढ्यासाठी आपण सगळे डोकं पुढे करायचो ते? मी त्यांतल्या चौघांचा पत्ता काढलाय. दोघे सातारा रस्त्यालाच राहतात, एक मुलाकडे बारामतीत, हवालदारसाहेब त्यांच्या गावी. हवालदारसाहेबांचं वय नव्वदीच्या घरात आहे. फोनवर मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांना काही लागेना. मग म्हटलं, ‘साहेब, वन वन वन नाइन.’ पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग तोच आवाज, जरा कापरा : ‘वन वन वन नाइन! छाती बाहर!’ मी स्वयंपाकघरात उभा होतो. छाती आपोआप बाहेर आली. बायको बघत राहिली.

त्यांचा नंबर नाही, त्यामुळे त्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न माझ्या योजनेतही उरतोच. मला वाटतं सगळ्यांत पुढे, सोफ्यावर. सोफे आणलेच आहेत तुम्ही.

१११७, तू हिशेब बघतोस म्हणून तुझ्यासाठी. या चौघांसाठी आणि लांबून येणाऱ्यांसाठी मी माझ्या जुन्या आगारातून प्रासंगिक करारावर एक गाडी ठरवली आहे. पैसे समितीकडे मागत नाही, सहाव्या रांगेने आपसांत जमवलेत. ११०६ने तर गाडी बंद पडली तर दुरुस्तीही फुकट करीन असं कळवलंय, म्हणजे तो येतोय, तुमच्या आमंत्रणाशिवाय. ११३१साठी पुढच्या दाराजवळची जागा ठेवली आहे, पायरी त्याला उंच पडेल, म्हणून एक लाकडी पाट बरोबर घेतोय. ११२२ला त्याच्या घरापासून उचलणार आहोत, तो अजून ‘बघतो’ म्हणतोय. काकूंना आणायला मी स्वतः आदल्या दिवशी जातोय.

आता मेळाव्याच्या सकाळचं. गाडी सहा वाजता स्थानकाच्या फलाट तीनवरून सुटेल. सहा म्हणजे सहा. १११४, तुझी सरकारी गाडी आता नाही आणि तुझा बंगला वाटेवरच आहे. थांबा देतो. पावणेसातला फाट्यावर उभा राहा, हात दाखव.

तुमचा,
१११९